पाच समांतर किरण: भिंग प्रकाश कसं वळवतं ते दाखवणारा घरगुती लेझर-संच

भिंगाची आकृती आपण सगळ्यांनीच वहीत काढलेली असते. फुटपट्टीने पाच समांतर रेघा, मध्ये फुगीर भिंग, पलीकडे सगळ्या रेघा एका बिंदूत. आकृतीला पैकीच्या पैकी मार्क मिळतात, पण तिच्यात प्रकाश भिंगाने वळवलेला नसतो, पेन्सिलीने वळवलेला असतो. रेघ कुठे जाणार हे काढणाऱ्याला आधीच ठाऊक असतं.

तीच आकृती टेबलावर खऱ्या प्रकाशाने उभी करता येते. कागदावर पाच लाल रेघा, मध्ये भिंग सरकवलं की त्या आपणहून वळतात, आणि भिंग पुढेमागे केलं की नाभीही, म्हणजे रेघा जिथे मिळतात तो बिंदूही, त्याच्याबरोबर सरकते. दोन संध्याकाळचं काम आहे. थोडं सोल्डरिंग येत असेल तर उत्तम, नसेल तर या निमित्ताने येईल.

एक गोष्ट आधीच सांगतो. लेझर मिळवणं सोपं, वायरिंग सोपं, भिंग मिळवणं किंवा घरी बनवणंही सोपं. अवघड एकच: पाचही किरण खरोखर समांतर करणं. माझ्या पहिल्या संचात नाभी कधी नीट जुळलीच नाही, पाच रेघांचा गुंता व्हायचा. दोन दिवस मी भिंगाला दोष दिला, दुसरं भिंग आणलं, तरी तेच. शेवटी भिंग बाजूला काढून लेझर समोरच्या भिंतीवर टाकले, तेव्हा दिसलं की दोन किरण भिंतीपर्यंत जाता जाता एकमेकांना ओलांडून गेले होते. म्हणून या लेखात सर्वात जास्त जागा त्या समांतरपणाला दिली आहे.

आधी डोळे

बाजारात मिळणारी लहान लाल लेझर मॉड्यूलं बहुधा ६५० नॅनोमीटर तरंगलांबीची आणि ५ मिलिवॅटपर्यंतची असतात. दिसणाऱ्या प्रकाशाच्या १ मिलिवॅटपर्यंतच्या लेझरला वर्ग २ म्हणतात. चुकून डोळ्यात गेला तरी पाव सेकंदात पापणी मिटते आणि सहसा इजा होत नाही, असा त्यामागचा हिशोब. १ ते ५ मिलिवॅट म्हणजे वर्ग ३आर, आणि तिथे पापणीवर भिस्त ठेवून चालत नाही. १ मिलिवॅटची मॉड्यूलं मिळाली तर तीच घ्या. अंधाऱ्या खोलीत ती पुरतात.

लेबलवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. अमेरिकेतल्या निस्ट या मानक संस्थेने १२२ लेझर पॉइंटर तपासले होते. त्यांतले सुमारे ४४ टक्के लाल आणि जवळजवळ ९० टक्के हिरवे पॉइंटर सुरक्षिततेच्या नियमांत बसत नव्हते. स्वस्त हिरव्या पॉइंटरमध्ये आणखी एक खोड असते. त्यांच्या आत अवरक्त लेझरपासून हिरवा प्रकाश तयार होतो, आणि आतली गाळणी नसेल तर न दिसणारा अवरक्त प्रकाशही बाहेर पडतो. ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेझर डोळ्याला मंद भासतो, प्रत्यक्षात जोरदार असू शकतो. पहिल्या संचासाठी लाल सोडून दुसरा रंग घेऊच नका.

या संचाचा खास धोका वेगळाच आहे. रेघा टेबलाच्या पृष्ठभागावरून सरपटत जातात, आणि पाहणारा, विशेषतः लहान मूल, त्या नीट दिसाव्यात म्हणून हनुवटी टेबलाला टेकवून समोरून बघतं. म्हणजे डोळा नेमका किरणाच्या उंचीवर येतो. त्यात भिंग पाच किरण एकत्र आणतं, तेव्हा नाभीच्या जवळपास असलेल्या डोळ्यात एकापेक्षा जास्त किरण शिरू शकतात. म्हणून फळीच्या पलीकडच्या टोकाला १० सेंटिमीटर उंचीचा काळा पुठ्ठा उभा चिकटवा, दोन्ही बाजूंनाही तसेच पुठ्ठे लावा. बघणाऱ्यांनी उभं राहून वरून बघायचं. घड्याळ, अंगठी, स्टीलची पट्टी फळीपासून दूर. हे पुठ्ठे सर्वात शेवटी नाही, सर्वात आधी लावा. शेवटी लावायचे ठरवलेले पुठ्ठे लागत नाहीत, हा अनुभव आहे.

सामान

पाच लाल लेझर मॉड्यूलं, ६ मिलिमीटर व्यासाची, ५ व्होल्टवर चालणारी, ठिपका पाडणारी. रेघ पाडणारीही मिळतात, पण ती घेऊ नका. कारण पुढे येईल. प्रयोगशाळेत द्रव ढवळायला वापरतात तशी एक काचकांडी, ५ ते ६ मिलिमीटर जाडीची, सरळ आणि चरे नसलेली. लाकडाचा किंवा जाड प्लास्टिकचा ठोकळा: लांबी ८ सेंटिमीटर, उंची आणि जाडी २ सेंटिमीटर. साधारण ३० बाय ५० सेंटिमीटरची सपाट फळी, तिच्यावर लावायला जाड पांढरा ड्रॉइंग पेपर. तीन एए सेलचा होल्डर, दोन लहान स्विच, वायर, पाच मिनिटांत घट्ट होणारा दोन नळ्यांचा इपॉक्सी, आणि एक आगपेटी.

आगपेटी पेटवण्यासाठी नाही. काड्यांच्या चिपा लागणार आहेत.

ठिपक्याची मॉड्यूलं का? रेघवाल्या मॉड्यूलच्या तोंडाशी छोटं दंडगोल भिंग असतं, त्यामुळे समोरच्या भिंतीवर ठिपक्याऐवजी उभी रेघ पडते. पाच रेघा समांतर आहेत का, हे रेघेवरून ठरवणं फार किचकट. शिवाय प्रत्येक रेघ फळीला काटकोनात उभी आहे की तिरकी, हाही हिशोब पाच वेळा करावा लागतो. ठिपके मात्र कार्डावर नेमके बसवता येतात. ते जुळले की पाचही किरणांसमोर एकच काचकांडी आडवी ठेवायची, ती पाचही ठिपके एका दमात उभे पसरवते. म्हणजे समांतरपणा आधी, रेघ नंतर.

ठोकळा

ठोकळ्याच्या तळापासून १० मिलिमीटर उंचीवर एक आडवी रेघ मारा. तिच्यावर १२ मिलिमीटरच्या अंतराने पाच खुणा करा. मधली खूण ठोकळ्याच्या मध्यावर, म्हणजे टोकाचे दोन किरण मध्यापासून २४ मिलिमीटरवर येतील. मॉड्यूल ६ मिलिमीटरचं असलं तरी भोक ७ मिलिमीटरचं पाडा. भोक घट्ट झालं तर मॉड्यूल हलवता येणार नाही, आणि हलवावं तर लागणारच आहे. स्वस्त मॉड्यूलमध्ये लेझरचा कण आणि पुढचं भिंग एका रेषेत क्वचितच असतात. मॉड्यूल चिमटीत धरून भिंतीकडे रोखा आणि जागच्या जागी गोल फिरवा. ठिपका स्थिर राहत नाही, भिंतीवर चक्क वर्तुळ काढतो. पितळी नळी सरळ धरली म्हणजे किरण सरळ गेला असं नसतं.

किरणाची उंची १० मिलिमीटर का, तर भिंग त्याहून उंच हवं म्हणून. भिंग १५ मिलिमीटर जाड असेल तर १० मिलिमीटरवरून खाली उतरत फळीला टेकणारा सगळा प्रकाश भिंगातूनच जातो. किरण भिंगाच्या उंचीपेक्षा वरून निघत असेल तर थोडा प्रकाश भिंगाच्या डोक्यावरून निघून जातो आणि पलीकडे न वळलेल्या सरळ रेघा उमटवतो. पाहणाऱ्याला वाटतं, काही किरण भिंगाने वळवलेच नाहीत.

भोकं पाडून झाली की लगेच एक काम करा, मॉड्यूलं बसवल्यावर ते करता येणार नाही. ठोकळ्याच्या पुढच्या बाजूला पांढरं कार्ड टेकवा आणि मागून पाचही भोकांतून पेन्सिल फिरवून वर्तुळं काढून घ्या. हे कार्ड म्हणजे आपलं लक्ष्य. भोकं अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे पडली असली तरी बिघडत नाही, कार्डावरची वर्तुळंही तशीच पडलेली असतात. कार्ड उलटं लावू नका, ज्या बाजूवर वर्तुळं आहेत तीच बाजू ठोकळ्याकडे हवी.

वायरिंग

पाचही मॉड्यूलं समांतर जोडणीत. सगळ्या लाल वायरी एकत्र करून सेल होल्डरच्या धन टोकाला. निळ्या किंवा काळ्या वायरींचे मात्र दोन गट करा: मधल्या तिघांच्या एका स्विचला, टोकाच्या दोघांच्या दुसऱ्या स्विचला. हा दुसरा स्विच अनेकांना फाजील वाटतो. भिंगाचा एक महत्त्वाचा दोष दाखवताना तोच कामाला येतो.

एका मॉड्यूलला साधारण २५ ते ३० मिलिअँपिअर लागतात, पाचांना मिळून १५०च्या आसपास. तीन एए सेल म्हणजे ४.५ व्होल्ट, ५ व्होल्टची मॉड्यूलं त्यावर किंचित मंद पण नीट चालतात. चौथा सेल जोडायचा मोह आवरा. ६ व्होल्टवर रेघ छान उजळते आणि मग कायमची विझते, कारण स्वस्त मॉड्यूलमध्ये विद्युतधारा आवरायला एखादा रोधक सोडला तर काहीच नसतं. लेबलवर ३ व्होल्ट लिहिलं असेल तर दोनच सेल. मोबाइलचा ५ व्होल्टचा यूएसबी चार्जर चालतो. पॉवर बँक मात्र दगा देते. इतकी कमी विद्युतधारा पाहून तिला वाटतं फोन काढून घेतला, आणि मिनिटाभरात ती स्वतःच बंद पडते. माझी एकदा भर कार्यक्रमात पडली.

बऱ्याच मॉड्यूलचं पितळी अंग आतून धन टोकाला जोडलेलं असतं, म्हणून ठोकळा धातूचा नको आणि अंगाला ऋण वायर टेकू देऊ नका. मॉड्यूलच्या मागून निघणाऱ्या वायरी केसासारख्या बारीक असतात, दोनदा वाकवल्या की मुळाशी तुटतात. सोल्डर केल्यावर त्यांना ठोकळ्याच्या मागे गोंदाच्या एका थेंबाने बांधून टाका. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत हात लावण्याआधी एखाद्या धातूच्या नळाला वगैरे स्पर्श करा. अंगावरच्या स्थिर विजेच्या एका ठिणगीने लेझर डायोड मरतो.

समांतर करणं

इथे घाई नको. चहा पिऊन बसा.

ठोकळा टेबलावर पक्का करा, क्लॅम्प असेल तर क्लॅम्पने. कोपराचा एक धक्का लागला की मागचं सगळं काम गेलं. समोर ३ मीटरवर भिंत असावी. अंतर ३ मीटर का, याचा हिशोब असा: किरण अर्ध्या अंशाने तिरका असेल तर ३० सेंटिमीटरवर तो जेमतेम २.६ मिलिमीटर सरकतो, नजर ते माफ करून टाकते. ३ मीटरवर तोच किरण २६ मिलिमीटर भरकटलेला दिसतो. उलट, ३ मीटरवर ठिपका एका मिलिमीटरच्या आत बसवला तर टेबलावरच्या ३० सेंटिमीटरमध्ये चूक राहते ०.१ मिलिमीटर, म्हणजे रेघेच्या जाडीपेक्षा कमी.

सुरुवात मधल्या मॉड्यूलपासून. पुढची गोल कडी फिरवून ठिपका बारीक करून घ्या. ठिपका नीट गोल नसतो, लांबट असतो. मॉड्यूल फिरवून त्याची लांब बाजू उभी करा, पुढे रेघ पातळ येईल. आता हा किरण तळाला समांतर हवा. एका उभ्या कार्डावर १० मिलिमीटर उंचीची खूण करा, कार्ड ठोकळ्यासमोर ५ सेंटिमीटरवर धरा, मग ५० सेंटिमीटरवर. दोन्हीकडे ठिपका खुणेवरच पडला पाहिजे. वर जात असेल तर मॉड्यूलच्या मागच्या टोकाखाली काडीची चीप सारा, खाली जात असेल तर पुढच्या टोकाखाली. डावीकडे-उजवीकडे किरण ठोकळ्याला काटकोनात जातो का, हे गुण्याने एकदा पाहून घ्या.

काडी चाकूने उभी चिरली की पातळ पाचर मिळते. ती एका बाजूने सारली की मॉड्यूल केसभर हलतं, आणि सोडलं तरी जागेवरच राहतं. बोटाने मॉड्यूल धरून गोंद सुकण्याची वाट बघणं अशक्य असतं, हात थरथरतो आणि ३ मीटरवरचा ठिपका नाचतो. पाचर थरथरत नाही.

मधला किरण जमला की लक्ष्याचं कार्ड भिंतीवर असं चिकटवा की मधला ठिपका मधल्या वर्तुळाच्या केंद्रात येईल आणि वर्तुळांची ओळ आडवी राहील. मग एकेक मॉड्यूल घ्या: दोन-तीन पाचरी, ठिपका आपापल्या वर्तुळाच्या केंद्रात, आणि बाजूने इपॉक्सीचा एक थेंब. पाच मिनिटं थांबा, पुन्हा तपासा, मगच पुढचं मॉड्यूल. इपॉक्सी एकदम पाच मॉड्यूलांपुरता कालवू नका. तिसऱ्यापर्यंत पोचेतो तो डब्यातच घट्ट होतो.

गोंदाबद्दल दोन चुका मी केल्या आहेत, तुम्ही करू नका. पहिली, झटपट चिकटणारा सुपर ग्लू. त्याची वाफ सुकताना आसपासच्या पृष्ठभागावर बसते. दुसऱ्या दिवशी पाचही मॉड्यूलांच्या तोंडावर पांढुरकी साय धरली होती आणि रेघांभोवती धुकं. दुसरी चूक ग्लू गनची. तिच्याने काम झटपट होतं, पहिला महिनाभर काही तक्रार नसते. मग संच एकदा बंद गाडीत उन्हात राहिला, गोंद मऊ पडला, आणि कडेचा किरण हळूच बाहेर झुकला. ग्लू गन वायरी बांधायला ठेवा, मॉड्यूलं बसवायला नको.

पाचही चिकटल्यावर रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी परत भिंतीवर तपासा. एखादा ठिपका दोन मिलिमीटर सरकला असेल तर चालवून घ्या, त्याहून जास्त असेल तर ते मॉड्यूल काढून पुन्हा बसवा. हे जिवावर येतं, मान्य आहे. पण इथे केलेली तडजोड पुढे प्रत्येक प्रयोगात दिसते.

काचकांडी आणि फळी

ठोकळा फळीच्या एका टोकाला बसवा. त्याच्यापुढे सेंटिमीटरभर अंतरावर काचकांडी आडवी, म्हणजे किरणांना काटकोनात आणि फळीला समांतर, दोन लहान टेकूंवर ठेवा. कांडीचा मध्य किरणांच्या उंचीवर, १० मिलिमीटरवर, यायला हवा. ६ मिलिमीटरच्या कांडीसाठी टेकू ७ मिलिमीटरचे.

कांडी म्हणजे एक जोरदार दंडगोल भिंगच आहे. ती किरणाला वर-खाली पंख्यासारखं पसरवते, पण आडव्या दिशेने काही करत नाही, म्हणून समांतरपणा शाबूत राहतो. पंख्याचा खालचा भाग फळीला जिथे टेकतो तिथे रेघ उमटते. रेघ कांडीपासून साधारण ३ सेंटिमीटर पुढे सुरू होते. त्याआधीची मोकळी जागा पाहून कांडी हलवत बसू नका, प्रकाश अजून हवेतच असतो.

पंख्याचा वरचा अर्धा भाग काही कामाचा नाही, तो फक्त डोळ्यांकडे जातो. कांडीपुढे दीड सेंटिमीटरवर काळ्या पुठ्ठ्याची पट्टी अशी आडवी लटकवा की तिची खालची कड १० मिलिमीटर उंचीवर येईल. वरचा प्रकाश तिथेच अडतो, रेघांवर काही परिणाम होत नाही.

कागद बिनचमकीचा हवा. लॅमिनेट केलेला किंवा गुळगुळीत पांढरा पत्रा घेतला तर तिरका येणारा प्रकाश तिथून परावर्तित होऊन सरळ पुढे जातो, रेघ फिकी दिसते आणि समोरचा पुठ्ठा मात्र उजळतो. कागद चारी कडांनी ताणून चिकटवा. एक फुगवटा आला तरी रेघ तिथे तुटते, फुगवट्यामागे सावली पडते. रेघ दूर जाता जाता मंद होते, ते साहजिक आहे.

भिंगं

सर्वात सोपं भिंग म्हणजे पाण्याने भरलेली गोल, उभ्या भिंतीची, पातळ बुडाची पारदर्शक प्लास्टिकची डबी. काचेचा जाड बुडाचा पेला घेऊ नका. फळीलगतचा प्रकाश त्या बुडात अडकतो आणि पलीकडे काही पोचत नाही. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे पदार्थ प्रकाशाला किती वळवतो ते सांगणारा आकडा, १.३३. अशा गोल भिंगाची नाभी मध्याच्या जवळच्या किरणांसाठी डबीच्या केंद्रापासून त्रिज्येच्या दुप्पट अंतरावर येते. त्रिज्या ३५ मिलिमीटर असेल तर केंद्रापासून ७० मिलिमीटर, म्हणजे डबीच्या पाठीपासून ३५ मिलिमीटर.

विकतची अॅक्रिलिकची भिंगं, म्हणजे जाड पत्र्यातून कापलेले आकार, हाताळायला बरी. १५ मिलिमीटर किंवा जास्त जाडीची घ्या. स्वतः कापणार असाल तर करवतीची कड दुधी येते. पाण्याबरोबर ४००, ८००, १२००, २००० नंबरचा पॉलिश पेपर चढत्या क्रमाने घासा आणि शेवटी धातूचं पॉलिश. घासताना कड फळीला काटकोनात राहिली पाहिजे. ती गोलावली तर प्रकाश वर उडतो.

एक बाजू सपाट, दुसरी ५० मिलिमीटर त्रिज्येची, रुंदी ७५ मिलिमीटर: असं एक भिंग पुढच्या प्रयोगांसाठी जरूर मिळवा. अॅक्रिलिकचा अपवर्तनांक १.४९ धरला तर नाभीय अंतर त्रिज्या भागिले ०.४९, म्हणजे सुमारे १०२ मिलिमीटर.

काय काय दाखवायचं

सुरुवातीला भिंग न ठेवता नुसत्या समांतर रेघा दाखवा आणि भिंग ठेवण्याआधी विचारा, आता काय होईल? पाहणाऱ्यांना अंदाज बांधू द्या. मग बहिर्वक्र भिंग हळूच आत सरकवा. एकेक रेघ भिंगाला स्पर्श होताच वळते, ते सरकवण्याचे तीन-चार सेकंद सगळ्यात जास्त लक्षात राहतात. मधली रेघ मात्र सरळच जाते, ती का वळली नाही हा प्रश्न कोणीतरी विचारतंच.

अंतर्वक्र भिंग ठेवल्यावर रेघा फाकतात. कागदावर प्रत्येक फाकलेल्या रेघेवर पेन्सिलीने दोन ठिपके द्या, लेझर बंद करा, भिंग उचला आणि फुटपट्टीने रेघा मागे वाढवा. त्या भिंगाच्या अलीकडे जवळपास एकाच ठिकाणी मिळतात. आभासी नाभी हा शब्द पाठ करून जे कळत नाही, ते इथे पट्टीखाली दिसतं.

आता दोन स्विचांचं काम. सपाट-फुगीर भिंगाची सपाट बाजू लेझरकडे करा. फक्त मधले तीन किरण चालू ठेवले तर ते भिंगाच्या पाठीपासून सुमारे ९५ मिलिमीटरवर मिळतात. टोकाचे दोन चालू करा: ते ७२ मिलिमीटरवरच एकमेकांना छेदतात. एकाच भिंगाला दोन नाभी, तब्बल २३ मिलिमीटरचा फरक. हाच गोलीय दोष. आता भिंग उलटं फिरवा, फुगीर बाजू लेझरकडे. मधले सुमारे ८९ मिलिमीटरवर, टोकाचे ८३वर. फरक ६ मिलिमीटरच्या आत आला, आणि भिंग तेच! कारण असं की सपाट बाजू पुढे असताना किरण पहिल्या पृष्ठभागातून न वळता आत जातात आणि सगळं वळण शेवटच्या एका पृष्ठभागाला पेलावं लागतं, फुगीर बाजू पुढे असली की ते दोन पृष्ठभागांत वाटलं जातं. दुर्बिणीतल्या किंवा कॅमेऱ्यातल्या भिंगाचं तोंड कुठल्या बाजूला असावं हा प्रश्न नुसत्या सोयीचा नसतो, तो असा. माझ्या मते या संचाचा सर्वात मोलाचा प्रयोग हाच, आणि मोजण्याइतके किरण समांतर असतील तरच तो जमतो.

डोळ्याचं प्रात्यक्षिकही लोकांना आवडतं. कागदावर एक मोठं वर्तुळ काढा, पुढच्या बाजूला बहिर्वक्र भिंग, मागची कड म्हणजे दृष्टिपटल. नाभी त्या कडेवर येईल असं वर्तुळ बेता. मग मागची कड दोन सेंटिमीटर मागे काढा: नाभी पटलाच्या अलीकडेच पडली, ही निकटदृष्टिता. समोर अंतर्वक्र भिंग ठेवा, नाभी मागे सरकते. चष्म्याचा नंबर उणे का असतो ते वेगळं सांगावं लागत नाही.

पुढचा प्रयोग अॅक्रिलिकच्या अर्धगोल ठोकळ्याचा. त्यावर फक्त मधला किरण हवा, म्हणून बाकीचे काळ्या पट्टीने झाका. गोल बाजूने आत शिरलेला किरण सपाट बाजूच्या मध्यावर पाडा आणि हा अर्धगोल हळूहळू फिरवा. बाहेर पडणारी रेघ सपाट कडेकडे झुकत जाते, मंद होते, आणि सुमारे ४२ अंशांना नाहीशी होऊन सगळा प्रकाश आत परततो. त्याआधीही आत परतणारी एक फिकी रेघ दिसत असते. काच किंवा अॅक्रिलिकच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सरळ येणाऱ्या प्रकाशाचा सुमारे ४ टक्के भाग परावर्तित होतोच. बाकी प्रयोगांतही या फिक्या रेघा बाजूला भटकताना दिसतील. त्या चूक नव्हेत.

शेवटचा प्रयोग पाण्याचा. सपाट बुडाच्या, सपाट भिंतींच्या पारदर्शक ट्रेमध्ये तेच सपाट-फुगीर भिंग ठेवा, ट्रेखाली पांढरा कागद. नाभी कुठे आहे ते खुणावून ठेवा आणि भिंग बुडेपर्यंत पाणी ओता. पाण्यात दुधाचा एखादा थेंब टाकला तर किरण पाण्यातही दिसतात, तीन-चार थेंब टाकले तर सगळा ट्रे लाल धुक्याने भरतो आणि किरण हरवतात. पाणी चढताच नाभी दूर पळते. अॅक्रिलिक आणि पाणी यांच्या अपवर्तनांकांतला फरक कमी, म्हणून नाभीय अंतर सुमारे १०० मिलिमीटरवरून ४०० मिलिमीटरच्या वर जातं, बहुधा ट्रेच्या बाहेरच. भिंग काढून त्याच्या जागी झाकण लावलेली रिकामी गोल बाटली उभी धरा. रिकामी बाटली तरंगते, वरून बोटाने दाबून धरावी लागते. हवेचं हे फुगीर भिंग पाण्यात किरण एकत्र आणत नाही, फाकवतं. फुगीर म्हणजे गोळा करणारं, असं ज्यांनी डोक्यात बसवलेलं असतं ते इथे हमखास अडखळतात. ट्रेमध्ये पाण्याऐवजी ग्लिसरीन घेतलं, ज्याचा अपवर्तनांक १.४७, तर अॅक्रिलिकचं भिंग असूनही रेघा जवळजवळ सरळ जातात, आणि वरून पाहिलं तर भिंगाची कडही शोधावी लागते. ग्लिसरीन चिकट असतं, पण कोमट पाण्याने भिंग स्वच्छ निघतं. पुसताना मऊ कापडच वापरा, अॅक्रिलिकवर चरे फार लवकर पडतात.